दोघांपुरती गाडी

मोटारींच्या जाहिराती वाचताना एक गोष्ट नेहमी माझ्या ध्यानात येते. गाडी किती वेगाने पळते, हे त्यांत मोठ्या अक्षरांत सांगितलेले असते. ती किती अंतरात थांबते, हे सहसा कोणी सांगत नाही. धावणे हा गुण आणि थांबणे ही नुसती सोय, असे आपण सारेच धरून चालतो. माझ्या घरात मात्र नेमके उलटे आहे. माझे थोरले बंधू तीस-बत्तीस वर्षे मालट्रक चालवीत होते, तेही कुंभार्ली घाटातून. आणि त्यांच्या लेखी गाडी म्हणजे आधी ब्रेक, बाकीचे सारे त्याला मागाहून जोडलेले. गावात कोणी नवी गाडी दारात आणली, पेढे वाटले, की इतरांनी रंगाचे कौतुक करावे आणि दादांनी कोणाला न विचारता आत बसून एकदा ब्रेकवर पाय दाबून पाहावा, हा ठरलेला विधी. पाय दाबून झाला की ते उतरतात. 'बरी आहे' म्हणाले तर ती गाडी बरी.

अशा माणसाच्या मुलाने छप्पर उघडणारी, दोनच आसनांची, लालभडक स्पोर्टस् मोटार घ्यावी, यात दैवाची काही तरी थट्टा असली पाहिजे.

हा माझा पुतण्या इंग्लंडात कॉव्हेंट्रीला असतो. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत दादा आणि मी त्याच्याकडे महिनाभर राहून आलो. दादांचा विमानप्रवास पहिलाच, आणि माझाही. मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक झालो, चित्रकलेची पदविका घेतली आणि फळ्यापाशी जो उभा राहिलो तो अजून उभाच आहे. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. यंत्रांशी माझी सोयरीक सायकलच्या साखळीपलीकडे कधी गेली नाही. तेव्हा पुढची हकीकत मी पाना चालवणाऱ्याच्या नव्हे, पाना उचलून देणाऱ्याच्या नात्याने सांगतो आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

गाडी मझदा कंपनीची, एम. एक्स. ५ नावाची. एके काळी इंग्लंडात लहान, उघड्या, दोन आसनांच्या मोटारी फार होत असत. त्या मागे पडल्या तेव्हा १९८९ साली जपान्यांनी तीच तऱ्हा उचलून ही गाडी काढली आणि ती जगभर खपली. पुतण्याची गाडी १९९६ सालची. म्हणजे ती कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा हा चार वर्षांचा होता आणि पाटणजवळच्या आमच्या घराच्या ओट्यावर काड्यापेटीची मोटार चालवीत होता. माझ्या चित्रकाराच्या डोळ्याला गाडी आवडली. तिच्या अंगावर सरळ रेघ म्हणून नाही. पुढचे दिवे दिवसा टपाखाली झोपलेले असतात आणि कळ दाबली की बेडकाच्या डोळ्यांसारखे टपकन वर येतात. दादांनी मात्र तिच्याभोवती एक चक्कर मारली, जमिनीपासून तिची उंची हाताने मोजली आणि विचारले, "ह्यात बसायचं, का ही पायात घालायची?"

त्या देशात तीन वर्षांवरच्या प्रत्येक मोटारीची दरसाल तपासणी करून घ्यावी लागते. ती आम्ही जाण्याच्या आठवडाभर आधी झाली होती. गाडी पास झाली, पण तपासणाऱ्याने शेरा मारला होता की ब्रेकचे पॅड झिजत आले आहेत. शुक्रवारी रात्री जेवताना पुतण्या सहज म्हणाला, "उद्या सकाळी घरीच बदलून टाकतो."

दादांनी हातातला घास ताटात ठेवला.

"मिस्त्री न्हाई का हितं?"

"आहे की, अण्णा. पण मला स्वतः करायचंय."

"कशापायी?"

"आवडतं म्हणून."

यावर दादा काही बोलले नाहीत. ते उठले, हात धुतला आणि माडीवर गेले. सूनबाई माझ्याकडे पाहू लागली. मी ताटाकडे पाहू लागलो.

दादांच्या त्या उठून जाण्यात दोन गोष्टी होत्या. पहिली साधी. ट्रकवाल्याच्या घरी मुलगा शिकतो तो कशासाठी? त्याचे हात काळे होऊ नयेत यासाठी. दादांच्या नखांतले काळे वंगण लग्नाच्या पंगतीतही निघाले नव्हते. मुलाला त्यांनी इंजिनियर केले ते पोटाला चिमटा घेऊन, आणि आता हा पोरगा शनिवारची सुट्टी खर्चून, वर हत्यारांना पदरचे पैसे घालून, नेमके तेच काळे हाताला लावून घेणार. आणि का, तर आवडते म्हणून! एकाची मजुरी ती दुसऱ्याची मौज कशी होते, हे कोडे मलाही पूर्ण सुटलेले नाही. कादंबरी लिहिणाऱ्या मास्तराने त्याबद्दल फार बोलूही नये.

दुसरी गोष्ट १९९९ सालची आहे. जुलै महिना, पाऊस. दादा कराडहून साखर भरून चिपळूणला निघाले होते. भाड्याची गाडी, मालक दुसरा. ब्रेकचे लायनर नुकतेच बदलले होते, पण मालकाने पैसे वाचवायला ते हलके बसवले होते. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतास त्याच गिअरमध्ये उतर, हा दादांचा मंत्र, आणि त्या दिवशीही ते दुसऱ्या गिअरवरच उतरत होते. पण उतार आपला हिशेब सोडत नाही. डोंगराची जेवढी उंची गाडी खाली उतरते, तेवढी कुठे तरी खर्च पडावीच लागते, आणि ती ब्रेकच्या लायनरमध्ये उष्णता होऊन खर्च पडते. लायनर तापला की त्याची पकड सुटते. भोवतीचा ड्रमही तापून फुगतो आणि लायनरपासून दूर सरतो. मग तेवढीच पकड मिळवायला पाय आणखी खाली दाबावा लागतो, आणि एक वेळ अशी येते की दाबायला खाली काही उरत नाही. दादांचा पाय तळाला टेकला. त्यांनी गाडी दरीकडे जाऊ दिली नाही. डाव्या अंगाने डोंगराला घासत चरात घातली आणि थांबवली. दादांना खरचटले. डाव्या बाजूला बसलेल्या क्लीनरचा पाय गुडघ्यापासून गेला. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता.

तो मुलगा आता शेजारच्या गावी चहाची टपरी चालवतो. दर दिवाळीला दादा फराळाचा डबा आणि कापडचोपड घेऊन त्याच्याकडे जातात. तिथे दोघे काय बोलतात ते कोणाला माहीत नाही. मी एकदा बरोबर गेलो होतो. दोघेही पावसापाण्याचेच बोलत होते.

त्यानंतर दादांनी आणखी बरीच वर्षे तोच घाट चालवला. पण गाडीचा ब्रेक ज्या मिस्त्रीने उघडला, त्याच्याजवळ स्वतः उभे राहिल्याशिवाय एकदाही गाडी बाहेर काढली नाही. असा माणूस म्हणतो, ब्रेक हे हौसेचे काम नव्हे. त्याला उत्तर काय द्यायचे?

शनिवारी सकाळी ऊन पडले. इंग्लंडात ऊन पडले की लोक ते वाया जाऊ देत नाहीत. समोरच्या घरचे म्हातारे गृहस्थ अर्धी विजार घालून गवत कापीत होते. पुतण्याने घरापुढच्या फरसबंदीवर गाडी घेतली, मागच्या चाकांना विटा लावल्या, आणि गाडी जमिनीवर असतानाच पुढच्या चाकांचे नट अंमळ सैल केले. मी विचारले, आधी उचलून मग का नाही? "वर उचलल्यावर चाक फिरतं, काका. जोर लावायला जमीन लागते." मग जॅक, आणि जॅकवर विसंबायचे नाही म्हणून खाली लोखंडी घोडे. दादा दाराच्या पायरीवर खुर्ची टाकून, स्वेटरच्या खिशांत हात घालून बसले होते. 'मी बघत नाही' असे त्यांची मान सांगत होती. डोळे मात्र घोड्यांवर होते.

मला एक काम मिळाले. टपाखाली ब्रेकच्या तेलाची लहानशी कुपी असते. पॅड नवे जाड असतात, म्हणून पिस्टन मागे रेटावा लागतो, आणि तो रेटला की तेल कुपीत वर चढते. ते काठाला येते की काय यावर नजर ठेवायची. कारण ते रंगावर सांडले तर रंग खाऊन टाकते. मधल्या सुट्टीत पोरांवर नजर ठेवण्याचा वीस वर्षांचा सराव माझ्या कामी आला.

चाक निघाले. आत पोलादाची चकचकीत तबकडी, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर. खालचा एक बोल्ट काढला की तो दारासारखा वर उघडतो. आतले पॅड निघाले तेव्हा मी ते हातात घेऊन पाहिले. नवा पॅड बोटाच्या पेरासारखा जाड. जुन्यावर वहीच्या पुठ्ठ्यापेक्षा थोडेसे अधिक काही शिल्लक होते. एवढ्याशा तुकड्यावर दोन माणसे भर रस्त्याने जात होती! आणि सर्व मोटारींत असेच असते म्हणे. वेग दुप्पट केला की हे तुकडे चौपट तापतात. आपण मात्र आत बसून गाणी ऐकत असतो.

काम करता करता पुतण्या बोलत होता; मला वाटते, पायरीवरच्या माणसाला ऐकू जावे म्हणून. हा तबकडीचा ब्रेक इथलाच. शेजारच्या बर्मिंगहॅमच्या लँचेस्टर नावाच्या इंजिनियराने १९०२ साली त्याचे पेटंट घेतले, पण तो त्या काळी फार दिवस टिकला नाही. झीज फार, आवाज फार. पुढे १९५३ साली फ्रान्सात ल मान येथे जी चोवीस तासांची शर्यत होते, ती याच कॉव्हेंट्रीत बनलेल्या जॅग्वार गाडीने या ब्रेकच्या बळावर जिंकली. इतर गाड्या वळणाच्या बऱ्याच आधी वेग उतरवीत. ही अगदी जवळ जाऊन उतरवी. तबकडी उघड्या वाऱ्यावर असते, ड्रमसारखी कोंडलेली नसते. म्हणून ती लवकर निवते.

"म्हणजे शर्यत जिंकली ती थांबण्यानं," दादा एकदम म्हणाले. एवढे बोलून पुन्हा गप्प.

मला त्याहून आवडली ती चांभाराची गोष्ट. १८८८ सालच्या ऑगस्टात बेर्टा बेंझ नावाची बाई नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह मॅनहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटरची वाट. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजू लागले. बाईने वाटेत एका चांभाराला गाठले आणि त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. जगातले पहिले लायनर ते! नवऱ्याच्या कारखान्यात जे कोणाला सुचले नाही ते माहेरच्या ओढीने सुचले, याचे आमच्या सूनबाईला फार समाधान वाटले. ती चहा घेऊन बाहेर आली होती.

पुढची दोन्ही चाके तासाभरात झाली. पुतण्या काटेकोर. कॅलिपर रबरी नळीला लोंबकळू न देता त्याने तारेने बांधून ठेवला. हे पाहून दादांचा एक हात खिशातून बाहेर आला. आतली काळी धूळ त्याने फुंकली नाही, औषधी फवाऱ्याने ओली करून फडक्याने टिपली. पूर्वी या धुळीत अॅस्बेस्टॉस असे. ब्रिटनने १९९९ साली त्यावर पुरती बंदी घातली. आमच्या गावच्या गॅरेजात ड्रम उघडला की मिस्त्री तोंडाने फूऽ करीत आणि क्षणभर सारे गॅरेज धुरकटून जाई. त्या मिस्त्रींची खोकल्याची उबळ मला आठवली. त्या खोकल्याचे कारण तेच, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

मागची चाके अवघड निघाली. या गाडीत हातब्रेकही मागच्या तबकडीवरच चालतो, म्हणून तिथला पिस्टन नुसता दाबून मागे जात नाही. कॅलिपरच्या पाठीला एक लहान बोल्ट असतो, तो काढून आत चार मिलिमीटरची षट्कोनी चावी घालायची आणि पिस्टन उलटा पिळत मागे न्यायचा. उजवीकडचे जमले. डावीकडे मात्र कॅलिपरचा बोल्टच हलेना. हिवाळ्यात तिथे बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने लोखंड खाल्ले होते. पुतण्याने पान्यावर सारे अंग टाकले. मान लाल झाली. पाना निसटला आणि त्याची बोटे सोलवटली.

"थांब."

दादा उठले होते. स्वेटर त्यांनी काढून खुर्चीच्या पाठीवर घातला. फरसबंदीवर एक गुडघा टेकून ते चाकाच्या खळग्यात डोकावले, आणि साठीच्या माणसाचा तो गुडघा ज्या सहजतेने टेकला, त्यावरून मला कळले की या जागी ते हजार वेळा बसले आहेत.

"जोर लावू नगस. त्येल सोड. आता हातोडीनं डोक्यावर टिचक्या मार. लई न्हाई, झोपल्याला उठवतो तसं. हां. आता आधी घट्ट कर."

"घट्ट?"

"रेसभर. मग सोड."

पुतण्याने केसभर आवळला आणि उलटा फिरवला. कर्रकन आवाज झाला आणि बोल्ट हलला. दादांनी पाना त्याच्या हातातून घेतला तो त्याला परत दिलाच नाही. चावीने पिस्टन पिळून मागे नेणे त्यांना नवे होते. ते पुतण्याने शिकवले. पॅड बसल्यावर तबकडी धरीपर्यंत उलट पिळायचे आणि मग एक तृतीयांश फेरा सोडायचे, हेही. "तिसरा हिस्सा," दादा स्वतःशी म्हणाले आणि दोनदा मोजून फिरवले. दोघांची डोकी एकाच खळग्यात होती. मला त्यांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. कागद जवळ असता तर मी रेखाटून घेतल्या असत्या.

चाके चढली, नट मोजून आवळून झाले, गाडी खाली आली. पुतण्या हत्यारे पुसायला पेटीपाशी गेला. आणि दादांनी जे आयुष्यभर केले तेच केले. दार उघडले, त्या बुटासारख्या गाडीत कसेबसे अंग घातले आणि ब्रेकवर पाय दाबला.

पाय तळाला गेला.

मी दाराशीच होतो. दादांचा चेहरा मी पाहिला. छप्पर उघडे होते, ऊन होते, समोर गवत कापण्याचा आवाज चालला होता, गाडी जागच्या जागी उभी होती. पण दादांचे दोन्ही हात चक्रावर असे आवळले होते की गाठी पांढऱ्या पडल्या, आणि चक्र त्यांनी डावीकडे फिरवले होते.

"अण्णा! दाबत राहा!" पुतण्या धावत आला. "काही झालेलं नाही. पिस्टन मागे ढकललेत ना आपण, ते पॅडला टेकेपर्यंत पाय खालीच जाणार. पुन्हा दाबा. अजून."

दादांनी दाबला. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा अर्ध्यावर अडला. पाचव्या-सहाव्यांदा तो दगडासारखा वरच राहिला. दादा दाबतच होते. दहा वेळा, पंधरा वेळा. पुतण्या दाराशी उकिडवा बसला होता आणि त्यांचा पाय पाहत होता. सोलवटलेल्या बोटांनी त्याने दाराची कड धरली होती.

त्या रात्री तो मला म्हणाला, "काका, मी सात वर्षांचा होतो. अण्णांना घरी आणलं तेव्हा सगळे म्हणत होते, ब्रेक गेला, ब्रेक गेला. मला वाटायचं, गेला म्हणजे कुठं गेला? आत काय असतं? दिवसभर मी संगणकावर यंत्रांचे भागच आखतो. पण एकदा हातानं उघडून बघायचं होतं."

पण ही रात्रीची गोष्ट. दुपारी अजून एक काम राहिले होते. नवे पॅड लगेच पुरते धरीत नाहीत. त्यांना तबकडीशी ओळख करून द्यावी लागते. मोकळ्या रस्त्यावर तीस मैलांचा वेग घ्यायचा आणि पुरते न थांबता तो पाचापर्यंत उतरवायचा. असे दहा वेळा, आणि मग न थांबवता गाडी जरा फिरवून निवू द्यायची. शनिवारी पलीकडची कारखान्यांची वस्ती ओस असते, तिथे तो जाणार होता. आसने दोन.

"मास्तरला न्हे," दादा म्हणाले. "त्याला आवडलीय गाडी."

मी म्हटले, "मला तेलाच्या कुपीवर नजर ठेवून थकवा आलाय."

दादांनी खडीसाखरेएवढे जाड साबणाचे दाणे घेऊन हात धुतले, स्वेटर घातला आणि डाव्या आसनावर, क्लीनरच्या जागी, बसले. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. मी जुने आठ पॅड गोळा करून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले. अर्ध्या तासाने ती परत आली. गाडीतून उतरायला दादांना हात द्यावा लागला. पुतण्या हळूच मला म्हणाला, "पहिल्या चार वेळी माझ्याआधी अण्णांनीच पाय दाबला, नुसत्या तळावर. पाचव्यापासून नाही."

दादा इकडे गाडीभोवती फिरत होते. घाट उतरून पायथ्याला गाडी थांबली की ते ड्रमजवळ हात धरून पाहत, तसा त्यांनी एकेका चाकाजवळ हात धरला. पुढचे डावे, पुढचे उजवे. मागचे उजवे. मागच्या डाव्याजवळ हात अंमळ जास्त वेळ राहिला.

"फुडची दोन्ही सारखी," ते म्हणाले. "मागची दोन्ही सारखी. बरी आहे."

आणि सूनबाईला हाक मारून त्यांनी चहा मागितला.